दिव्याचं वय कॅलेंडर ठरवत नाही

घरात दिव्याखाली झाडं वाढवणाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: ग्रो लाइट दर वर्षी बदला, फार तर दोन वर्षं चालवा. हा सल्ला नर्सरीत मिळतो, दिव्यांच्या दुकानात मिळतो, आणि ज्यांच्या शेल्फवर आफ्रिकन व्हायोलेट फुललेली असतात त्या शेजाऱ्यांकडूनही मिळतो. कारण सांगतात ते असं, की दिवा डोळ्यांना लख्ख दिसत असला तरी झाडाला लागणारा प्रकाश त्यातून केव्हाच उतरलेला असतो. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो देणं थांबायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यापायी चांगले दिवे कचऱ्यात जातात, पैसे जातात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे झाड ज्या कारणाने खंगत असतं ते कारण तसंच राहतं.

याच्या उलट टोकाला दुसरा पंथ आहे. तो म्हणतो, दिवा लागतोय ना? मग चालू दे. हेही तितकंच चुकीचं. पहिला पंथ कॅलेंडरकडे बघतो, दुसरा दिव्याकडे बघतो. पानावर प्रत्यक्ष किती प्रकाश पडतोय हे दोघांपैकी कुणीच मोजत नाही. दिवा कधी बदलायचा याचं उत्तर त्या मोजण्यात आहे, आणि ते मोजणं आज कुणालाही जमण्यासारखं आहे.

वर्षाला बदला म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. त्यांचं म्हणणं तीन मुद्द्यांचं आहे. एक, दिव्याचा प्रकाश हळूहळू उतरतो आणि ती उतरण डोळ्यांना कळत नाही. दोन, अनुभवी बागायतदार आणि मत्स्यालय ठेवणारे लोक पूर्वीपासून ठरावीक मुदतीने दिवे बदलत आले आहेत. तीन, दिव्यापेक्षा झाड मोलाचं, तेव्हा धोका कशाला घ्या? यातला पहिला मुद्दा पूर्ण खरा आहे. दुसरा ज्या दिव्यांबद्दल आहे त्यांच्यापुरता खरा आहे. तिसऱ्यातली काळजी खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण वर्षाच्या नियमाचा उगम तिथे आहे. एलईडी येण्याआधी झाडांसाठी ट्यूबलाइट, सीएफएल, मेटल हॅलाइड आणि हाय प्रेशर सोडियम असे दिवे वापरले जायचे. या सगळ्यांत वायूतून किंवा बाष्पातून वीज जाते, आणि ती जाताना दिव्याची स्वतःची झीज होते. ट्यूबलाइटची दोन्ही टोकं काळी पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तो काळेपणा म्हणजे आतल्या फिलामेंटवरचा थर उडून काचेवर बसलेला असतो. काचेच्या आतला पांढरा फॉस्फरही वापराने मंदावतो. मेटल हॅलाइडमध्ये तर प्रकाश नुसता उतरत नाही, त्याचा रंगही बदलत जातो. अशा दिव्यांखाली झाडं किंवा प्रवाळ सांभाळणाऱ्यांनी मुदत ठरवून दिवे बदलले यात त्यांचं काही चुकलं नाही. त्या दिव्यांसाठी ती रीत शहाणपणाची होती. जुने दिवे गेले तरी रीत मात्र राहिली, आणि कुणी विचार न करता ती एलईडीला चिकटवून दिली.

एलईडीत फिलामेंट नाही, जळणारं टोक नाही, वायू नाही. झाडांसाठी एलईडीचा विचार सुरू झाला तोच मुळी या कारणाने. १९९०च्या आसपास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात अंतराळात भाजी वाढवता येईल का याचे प्रयोग चालू होते. तिथल्या संशोधकांनी लाल एलईडीखाली लेट्यूस वाढवून १९९१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निळा प्रकाश तेव्हा ट्यूबचा घ्यावा लागला, कारण तेजस्वी निळा एलईडी अजून आला नव्हता. तो १९९३मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी आणला. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते निळ्या एलईडीसाठीच. २०१५च्या ऑगस्टमध्ये अंतराळ स्थानकात एलईडीखाली वाढलेलं लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्लं. अंतराळासाठी हा दिवा निवडण्यामागे काच नाही, पारा नाही, उष्णता कमी आणि आयुष्य मोठं, ही सगळी कारणं होती. तोच दिवा आपल्या घरात मात्र दर दिवाळीला बदलायचा, हे पटण्यासारखं नाही.

एलईडीची झीज होतच नाही असं मी म्हणत नाही. होते, पण ती चांगल्या बनावटीत फार सावकाश होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ६० वॉटच्या जुन्या बल्बला पर्याय शोधण्यासाठी स्पर्धा घेतली होती. २०११मध्ये ती फिलिप्सच्या दिव्याने जिंकली. त्याचे २०० नमुने ४५ अंश सेल्सिअस तापमानात सलग जळत ठेवून मोजले गेले. २५,००० तासांनंतरही त्यांचा सरासरी प्रकाश जवळपास मूळचाच होता. रोज १२ तास दिवा लावणाऱ्या घरात वर्षाचे ४,३८० तास होतात. म्हणजे २५,००० तास व्हायला साडेपाच वर्षांहून जास्त काळ लागतो. सगळेच दिवे त्या तोलाचे नसतात, हे मान्य. पण एका वर्षात एलईडी संपतो हा सरसकट नियम कुठल्याही मोजमापातून आलेला नाही, एवढं यावरून नक्की दिसतं.

मग स्वस्तातले दिवे वर्षभरात का जातात? बंद पडलेला एखादा दिवा उघडून पाहा. पुढचं प्लास्टिकचं झाकण काढलं की पांढऱ्या पट्टीवर पिवळे ठिपके रांगेत दिसतात. एका ठिपक्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा डाग असतो. हे ठिपके एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे तो एक उघडा पडला की सगळी रांग विझते. बाकीचे ठिपके शाबूत असतात. पट्टीच्या मागे ड्रायव्हर असतो, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेतून एलईडीला हवा तेवढाच प्रवाह देणारं छोटं सर्किट. त्यावरचा दंडगोल कपॅसिटर पाहा. त्याचं सपाट डोकं फुगलेलं असेल तर दिवा का लुकलुकत होता ते कळतं. या कपॅसिटरच्या आत द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना आडाखा आहे. बंद कपाटात, शेल्फच्या फळीला घट्ट चिकटवून, मागे धुळीची पुटं साचलेल्या अवस्थेत दिवा जळत राहिला, तर त्याला वर्ष झालं की सहा महिने याला काही अर्थ उरत नाही. त्याला मारतं ते कोंडलेलं तापमान. ड्रायव्हर वेगळा मिळत असेल तर तेवढाच बदलता येतो. म्हणजे ज्याला आपण दिवा जुना झाला म्हणतो, ते पुष्कळदा एका छोट्या भागाचं दुखणं असतं.

आता खोक्यावरच्या ५०,००० तासांबद्दल, कारण दोन्ही पंथ या आकड्याचा हवाला देतात. एक म्हणतो आकडा खोटा आहे, म्हणून वर्षाला बदला. दुसरा म्हणतो आकडा छापलाय, म्हणून दहा वर्षं बघायला नको. आकडा येतो कुठून ते दोघांनीही पाहिलेलं नसतं. रात्रंदिवस जाळला तरी ५०,००० तास व्हायला साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागतो. बाजारात येण्याआधी एवढी वर्षं दिवा जाळून बघायला कुणीच थांबत नाही. एलईडीच्या सुट्या चिपची एलएम-८० नावाच्या पद्धतीने किमान ६,००० तास चाचणी होते, आणि टीएम-२१ या गणिताने पुढचा अंदाज बांधतात. पुरेसे नमुने तपासले असले तरी चाचणीच्या तासांच्या सहापटीपलीकडे अंदाज नेता येत नाही, अशी मर्यादा त्या पद्धतीतच आहे. म्हणजे ६,००० तासांच्या चाचणीवर ३६,०००पेक्षा मोठा आकडा सांगता येत नाही. शिवाय ही चाचणी चिपची असते. ड्रायव्हर, पंखा, झाळ, वायर, झाकण यांचा त्यात समावेश नसतो. तेव्हा खोक्यावरचा आकडा चिपबद्दल काहीतरी सांगतो आणि तुमच्या हातातल्या अख्ख्या दिव्याबद्दल फार थोडं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तो आकडा बहुतेक वेळा एल-७०चा असतो: प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास. ही ७०ची रेषा माणसाच्या डोळ्यावरून आखलेली आहे. खोलीतला प्रकाश हळूहळू ३० टक्के कमी झाला तरी बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही, म्हणून घर-ऑफिसच्या दिव्यांसाठी ती सोयीची ठरली. झाडाला लक्षात येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही. त्याला ३० टक्के कमी प्रकाश म्हणजे जवळपास तेवढंच अन्न कमी. म्हणूनच अमेरिकेतल्या डिझाइनलाइट्स कन्सॉर्टियमने शेतीच्या दिव्यांसाठी वेगळा निकष धरला आहे: प्रकाशकणांचं प्रमाण ९० टक्क्यांवर येईपर्यंत किमान ३६,००० तास. ग्रो लाइट विकत घेताना हाच निकष विचारायला हवा.

इथेच ‘लागतोय ना, मग चालू दे’ म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. डोळा हे प्रकाश मोजण्याचं अत्यंत फसवं साधन आहे. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, दिवाणखान्यात दिव्याखाली तीनशे-पाचशे. प्रकाश शेकडो पटींनी कमी झालेला असतो, पण आत आल्यावर क्षणभर डोळे मिचकावले की आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं. डोळ्याला सर्वांत तेजस्वी वाटतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा प्रकाश. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटरचा सगळा पट्टा वापरतं; टेक्सासमध्ये कीथ मॅक्क्री यांनी अनेक पिकांच्या पानांवर हे मोजून १९७२मध्ये मांडलं. त्यामुळे लाल-निळा दिवा मंद वाटत असूनही झाडाला भरपूर देत असेल, आणि डोळे दिपवणारा दिवा पानापर्यंत फारसं पोचवत नसेल, हे दोन्ही शक्य आहे. दिवा लागतोय हा त्याच्या चांगुलपणाचा पुरावा नाही.

तिसरा साक्षीदार म्हणून झाडालाच उभं केलं जातं: पानं पिवळी पडली, म्हणजे दिवा गेला. ही साक्ष सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते. टोरांटो, शिकागो, न्यू जर्सीत राहणाऱ्या किती तरी मराठी घरांत कढीपत्त्याचं झाड खिडकीशी दिव्याखाली हिवाळा काढतं. डिसेंबर आला की त्याची पानं पिवळी होऊन गळतात आणि घरात नवा दिवा येतो. टोरांटोत तेव्हा दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, मुंबईत त्याच दिवशी अकरा तासांचा. उन्हाळाभर खिडकीतून येणारं ऊन हा झाडाचा मोठा पुरवठा होता; तो आटला. खिडकीच्या काचेजवळ थंडी असते आणि कढीपत्ता थंडीत वाढ थांबवून पानं टाकतो. हीटरच्या कोरड्या हवेत पानामागे लाल कोळी होतो. वाढ थांबली तरी पाणी उन्हाळ्याएवढंच घातलं जातं, त्यामुळे मुळं कुजू लागतात. दिवा मात्र जूनमध्ये होता तसाच असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. झाड दोन वीत आत घेणं, पाणी कमी करणं, पानाची मागची बाजू धुणं आणि दिव्याचे तास वाढवणं, या चार गोष्टींनी जे साधतं ते नव्या दिव्याने साधत नाही.

आपल्याकडची गफलत वेगळी आहे. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं कुंडीत पडलं की मातीचा सामू वाढतो आणि मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर उलट होतं: खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. प्रकाशाच्या उपासमारीची खूण या दोन्हींहून निराळी असते. पेरं लांबतात, खोड बारीक होतं, नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान येतात, शेंडा खिडकीकडे वळतो, पांढऱ्या-हिरव्या पानांच्या जातींमधला पांढरेपणा विरत जातो. तुळस घरात ठेवली की मंजिरीऐवजी लांबट, विरळ फांद्या देते, ती याच कारणाने. ही खूण दिसली तरी ती एवढंच सांगते की पानावर प्रकाश कमी पडतोय. दिवा म्हातारा झाला, धुळीने माखला, की झाडच वाढून प्रकाशाच्या पट्ट्याबाहेर गेलं, हे ती सांगत नाही.

ते सांगतं मोजमाप. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याशेजारी प्रकाश मोजणारा सेन्सर असतो आणि लक्स दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. नवा दिवा बसवला की त्याच रात्री पडदे ओढा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, ग्रो लाइट वीस मिनिटं जळू द्या म्हणजे तो तापून स्थिर होईल. पानांच्या उंचीवर, एका ठरलेल्या खुणेवर, फोन उताणा ठेवून आकडा घ्या आणि दिव्याच्या अंतरासह वहीत लिहा. दर तीन महिन्यांनी त्याच फोनने, त्याच खुणेवर, त्याच वेळेला पुन्हा मोजा. वेळ तीच हवी, कारण स्वस्त दिव्यांत संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की प्रकाशही उतरतो.

यावर जाणकार आक्षेप घेतील की फोनचा लक्स अचूक नसतो आणि लक्स हे झाडाचं माप नाही. दोन्ही आक्षेप बरोबर आहेत, पण इथे त्यांनी काही बिघडत नाही. आपल्याला दोन वेगळ्या दिव्यांची तुलना करायची नाही. तोच दिवा, तोच फोन, तीच जागा. आपल्याला हवंय ते फक्त पहिल्या आकड्याशी आजच्या आकड्याचं प्रमाण. फोन सगळीकडे सारखाच चुकत असेल तर प्रमाणात ती चूक राहत नाही. खरं माप जाणून घ्यायचंच असेल तर पांढऱ्या एलईडीच्या लक्सला ६५ ते ७०ने भागलं की दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणारे मायक्रोमोल अंदाजे मिळतात. पांढऱ्या दिव्यापुरता हा हिशेब धरावा, जांभळ्या दिव्याला तो लावू नये.

आकडा उतरलेला दिसला की लगेच दुकानात जायचं नाही. आधी दिवा बंद करून, पिन काढून, ओल्या फडक्याने झाकण पुसायचं, वाळू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. रस्त्यालगतच्या घरात किंवा स्वयंपाकघराजवळ तेलकट धुळीचा थर झाकणावर बसतो आणि त्यात बराच प्रकाश अडतो. पुसूनही घट राहिली तर ती खरी. ती १० टक्क्यांच्या आत असेल तर पर्णशोभेच्या झाडांना काही करायची गरज नाही. २० टक्क्यांपर्यंत असेल तरी दिवा कामाचा आहे, फक्त मांडणी बदलायची. बल्बसारखा छोटा दिवा पानांपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर तो २७वर आणा: प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने या तीन सेंटिमीटरने २० टक्क्यांची घट जवळपास पूर्ण भरून निघते. लांब पट्टीच्या दिव्याला थोडं जास्त जवळ आणावं लागतं. पानाला चटका बसत नाही ना, एवढं हाताचा तळवा पानाच्या उंचीवर धरून बघावं.

अंतर बदलता येत नसेल तर तास वाढवता येतात. झाड दिवसभरात एकूण किती प्रकाशकण मिळाले याचा हिशेब ठेवतं. १०० मायक्रोमोलचा दिवा १२ तास लावला तर दिवसाला ४.३२ मोल प्रकाश मिळतो. तो दिवा ८०वर उतरला आणि १५ तास लावला, तर पुन्हा बरोबर ४.३२. दिवा २० वॉटचा असेल तर रोजचे हे तीन तास वर्षाला २२ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तरी २२० रुपये. टायमरचा काटा फिरवणं एवढंच काम आहे. याला मर्यादाही आहेत. शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो यांना फुलायला लांब रात्र लागते, त्यांचे तास वाढवले तर कळ्याच धरणार नाहीत. टोमॅटोला अखंड उजेड दिला तर पानं बिघडतात. सर्वसाधारणपणे १६ तासांच्या पुढे जाऊ नये.

बदलण्याची रेषा मी अशी आखतो. मिरची, टोमॅटो, सॅलडची पानं असं काही खाण्यासाठी घेत असाल आणि अंतर-तास दोन्ही पणाला लावूनही १० टक्क्यांहून जास्त घट उरत असेल, तर दिवा बदला. पर्णशोभेच्या झाडांसाठी ही रेषा ३० टक्क्यांवर धरा. आणि बदललेला दिवा फेकू नका. मनी प्लांट, स्नेक प्लांट यांसारख्या थोडक्यात भागवणाऱ्या झाडांवर तो पुढे कित्येक वर्षं काम करतो.

काही वेळा मात्र मोजत बसायचं नाही, दिवा त्याच क्षणी बंद करायचा. जळका वास आला, पिन किंवा सॉकेट तपकिरी पडलं, वायरचं आवरण तडकलं, आत पाणी शिरलं, किंवा धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर तो दिवा किती महिन्यांचा आहे याची चर्चाच नको. झाडांच्या शेल्फवर पाणी आणि वीज एकत्र नांदत असतात. तिथे अर्थिंग आणि ३० मिलीअ‍ॅम्पिअरचं आरसीसीबी हवंच. वर्षाला दिवा बदला असं बजावणाऱ्या सल्लागारांकडून याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो, आणि माझा त्यांच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. ज्यात जिवाला धोका नाही त्याची भीती घातली जाते आणि ज्यात आहे ते राहून जातं.

मुदतीने दिवे बदलणं जिथे योग्य आहे ती जागाही सांगितली पाहिजे. केळीची ऊतीसंवर्धित रोपं बनवणाऱ्या प्रयोगशाळांत मांडण्यांवर एकाच जातीचे शेकडो दिवे रोज सुमारे १६ तास जळतात. बाटल्यांमधली रोपं सारखी वाढली नाहीत तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं, आणि एकेक दिवा बदलण्याची मजुरी परवडत नाही. तिथे ठरावीक तासांनी अख्खी मांडणी बदलणं हिशेबाचं आहे. पण ते वेळापत्रकही नोंदींवरून, त्या जातीचा दिवा किती तासांत किती उतरतो हे मोजून ठरवायचं असतं. घरच्या शेल्फने प्रयोगशाळेकडून उचलायचीच तर मोजण्याची सवय उचलावी. आणि अजून कुणाकडे सीएफएल किंवा जुने सोडियमचे दिवे असतील, तर ते चालू असतानाही एलईडीने बदलणं फायद्याचं आहे, कारण तेवढ्याच विजेत एलईडी कितीतरी जास्त प्रकाशकण देतो. ते कारण विजेच्या बिलाचं आहे, दिव्याच्या वयाचं नाही. मग साधा पांढरा, चांगल्या बनावटीचा एलईडी घेतला तरी चालतो. जांभळा रंग झाडाची गरज नाही.

राहिला तिसरा मुद्दा: धोका कशाला घ्या? झाडाच्या काळजीनेच बोलायचं तर न मोजता दिवा बदलणं हाच धोका आहे. नवा दिवा जुन्यापेक्षा दुबळा निघाला तर? पहिल्या दिवसाचा आकडा लिहिलेला नसेल तर ते कधीच कळणार नाही. नवा दिवा जोरकस निघाला आणि त्याच अंतरावर टांगला, तर आफ्रिकन व्हायोलेटची पानं फिकट पडून मध्यभागी आखडून घट्ट होतात; त्यालाही मग दिवा खराब म्हणतात. आणि टाकलेला दिवा जातो कुठे? आपल्या २०२२च्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत दिवेही येतात, तरी घरचे बहुतेक दिवे ओल्या-सुक्याच्या डब्यातच पडतात. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो, एलईडीत तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि झाळ. चालू दिवा टाकणं म्हणजे हे सगळं अकारण कचऱ्यात लोटणं आहे.

म्हणून विकणाऱ्यांकडे मागणी करायची ती वेगळी. खोक्यावर वॉट आणि तास छापून भागत नाही. दिवा दर सेकंदाला किती मायक्रोमोल देतो, एका ज्यूलमागे किती देतो, ९० टक्क्यांवर यायला किती तास लागतात, ड्रायव्हर सुटा मिळतो का, आणि वॉरंटी अख्ख्या दिव्याची आहे की नुसत्या चिपची, ही पाच उत्तरं छापील हवीत. ज्याला ती देता येत नाहीत त्याच्याकडून दिवा घेऊ नये, आणि तो कधी बदलायचा याचा सल्ला तर मुळीच घेऊ नये. दिवा तुमच्या घरात जळतो, झाड तुमच्या कुंडीत आहे, आणि मोजण्याचं साधन तुमच्या खिशात आहे. निर्णयही तुम्हीच घ्यायचा, तुमच्या वहीतल्या आकड्यावरून.